एका पट्टीतली दोन वर्तमानपत्रं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या वाचनालयात एक साधी गोष्ट केली होती. ती पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

१९६६ सालचे थंडीचे दिवस होते. इथे दोन मराठी दैनिकं येत, पणजीचं 'गोमन्तक' आणि मडगावचं 'राष्ट्रमत'. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असं 'गोमन्तक' म्हणत होतं. गोव्याने वेगळं राहावं, असं 'राष्ट्रमत' म्हणत होतं. वाचायला येणाऱ्यांचेही दोन तट पडले होते. जो तो आपलं दैनिक उचलायचा आणि दुसऱ्याकडे पाठ करून बसायचा. एका सकाळी गुरुजींनी दोन्ही दैनिकं एकाच लाकडी पट्टीत अडकवून टाकली. आता एक उचलायचं तर दुसरंही हातात येणार होतं. लोकांनी तक्रार केली. गुरुजी म्हणाले, "वाचायचं नसेल तर पान उलटा. पण उलटायला तरी हात लागू द्या."

गुरुजी तटस्थ होते असं कोणी समजू नये. ते विलीनीकरणाचे उघड पुरस्कर्ते होते. त्यांचं मत गावाला माहीत होतं आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. तरीही विरोधी बाजूचं वर्तमानपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने, आपल्या वर्तमानपत्राच्या शेजारी बांधलं. रोजच्या बोलण्यात राजकारण आलं की माणसाने कसं वागावं, या आजच्या विषयाचं सार मला त्या पट्टीत दिसतं. ठाम मत असावं, ते उघड असावं, आणि दुसऱ्याचं मत आपल्या हाताला लागलेलं असावं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबांसाठी पुस्तकं बदलून न्यायला यायची. आमच्या घरात मात्र अशी पट्टी नव्हती.

तरुण मंडळींसाठी थोडा इतिहास सांगते. पोर्तुगीज अमलात, विशेषतः हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, इथे राजकारणावर बोलायला बंदी होती. सभा घ्यायला परवानगी लागे. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस सभाबंदी मोडायला उभे राहिले. त्यांनी मागितलेली पहिली गोष्ट होती चारचौघांत बोलण्याचा हक्क. म्हणून तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. विधानसभेची पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९६३ मध्ये. आणि १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणावर जनमत कौल झाला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर कुलूप असलेल्या माणसांना मोकळं बोलायची सवय होती जेमतेम पाच वर्षांची. तेवढ्या शिदोरीवर त्यांना आयुष्यातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न सोडवायला सांगितला गेला: आपण कोण, आणि कुणाबरोबर राहायचं?

विलीनीकरणाची निशाणी फूल होती. वेगळं राहण्याची निशाणी दोन पानं होती. भिंती फुलापानांनी भरून गेल्या. आमच्या घरातही एक फूल होतं आणि दोन पानं होती. बाबा विलीनीकरणवादी. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, पणजीला सरकारी कचेरीत कारकून होते. ते वेगळ्या गोव्याच्या बाजूचे. शनिवारी ते शेवटच्या बसने घरी यायचे. डिसेंबरमधल्या एका शनिवारी सोप्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं. अर्ध्या तासात आवाज चढले. मग बाबा काकांना "पाखल्यांचा चाकर" म्हणाले आणि काका बाबांना "मुंबईवाल्यांचा दलाल" म्हणाले. पोर्तुगीजांना आमच्याकडे पाखले म्हणत, हे इथे वेगळं सांगायला नको. त्यानंतर दोघेही गप्प झाले.

ते गप्प राहणं तीन चवथी चाललं. चवथीला आमच्या मूळ घरात सगळ्या कुटुंबाचा एकच गणपती. दरवर्षी हे दोघे भाऊ मिळून गणपतीच्या वर माटोळी बांधायचे. बाबा स्टुलावर चढायचे, काका खालून नारळ, सुपाऱ्यांचे घड, कांगलं वर द्यायचे. ती तीन वर्षंही त्यांनी माटोळी बांधली, पण एकमेकांशी शब्द न बोलता. मी मध्ये उभी असायची. "काकांना सांग, दोरी द्या." "बाबांना सांग, गाठ सैल आहे." दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या दोन माणसांचे निरोप मी पोचवत होते. चौथ्या वर्षी आजीच्या आजारपणात ते पुन्हा बोलू लागले. पण राजकारण मात्र त्या घरातून कायमचं गेलं. पुढे आणीबाणी आली, भाषेचं आंदोलन झालं, १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं. त्या सोप्यावर कोणी एक अक्षर काढलं नाही. घरात आता शांतता आहे, असं सगळे समाधानाने म्हणायचे. तिला शांतता म्हणायला मी फार वर्षांनी नकार दिला.

आज हीच शांतता आपण सगळीकडे पसरवतो आहोत. केशकर्तनालयात पाटी असते, "कृपया राजकीय चर्चा करू नये." दुकानदाराची अडचण मला समजते. त्याच्या हातात वस्तरा असतो आणि दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं त्याला हवी असतात. पण तीच पाटी आता घरोघरी लागली आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी विषय काढला की यजमान म्हणतो, "ते राजकारण नको आता." भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिला नियम तोच असतो. मैत्री टिकावी म्हणून मित्र त्या विषयाला वळसा घालतात. हेतू चांगला आहे. पण वळसा घातलेला विषय जागच्या जागीच राहतो. मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची, गावच्या झरीचं पाणी कुणाचं, डोंगर कापायला परवानगी कुणी दिली, भरती कुणाची झाली, हे सगळं राजकारणच ठरवतं. त्यावर आपण आपल्या माणसांशी बोललो नाही, तर आपल्याला ऐकू येतात फक्त त्यांचे आवाज, ज्यांना आपल्या भांडणातून काही मिळवायचं असतं. पुढाऱ्याचं मत आपल्याला तोंडपाठ असतं आणि शेजाऱ्याचं मत माहीत नसतं. पोर्तुगीजांच्या काळातलं मौन सक्तीचं होतं. आताचं मौन आपण आपल्या हाताने पत्करलं आहे, म्हणून ते मोडायचं कामही आपलंच आहे.

ते मोडायचं कसं? आरडाओरडा आणि अबोला एवढेच दोन मार्ग आपल्याला माहीत असतील, तर आपण आपल्याच परंपरेची एक मोठी ठेव विसरलो आहोत.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. दोघेही सत्य शोधायला बसतात तो वाद. जिंकणं एवढाच हेतू ठेवून, वाटेल ते डाव टाकून बोलणं हा जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. भाषेत या शब्दांचं काय झालं ते पाहा. वितंडवाद आपण अजून ओळखतो. जल्प म्हणजे आता नुसती बडबड. आणि वाद, जो यांतला सर्वांत उंच, तो मराठीत भांडणाचा शब्द झाला. 'त्यांच्यात वाद झाला' म्हटलं की दोन माणसं एकत्र बसून सत्य शोधत होती, असं कुणाच्याही मनात येत नाही. शब्दाबरोबर रीतही हातची गेली.

त्या रीतीचा कणा होता पूर्वपक्ष. आपलं म्हणणं मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, आणि पूर्ण ताकदीनिशी मांडायचं. जुने भाष्यकार असंच करतात. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडला तर पंडितांच्या सभेत त्याची किंमत होत नसे. समोरच्याचं मत मी अशा शब्दांत मांडलं पाहिजे की तो म्हणेल, "होय, मला हेच म्हणायचं होतं." त्यानंतरच मला विरोध करायचा अधिकार. सभ्यता म्हणून मी ज्या गोष्टीची बाजू घेते आहे ती हीच. आवाज हळू ठेवणं हा तिचा फार छोटा भाग आहे. हळू आवाजातही माणूस दुसऱ्याचा पाणउतारा करू शकतो. आणि पूर्वपक्ष नीट मांडणाऱ्याचा आवाज थोडा चढला तरी त्याने काही बिघडत नाही.

याला एक आधार मी आपल्या इतिहासातून देते. १८८२ साली टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. रात्री त्या दोघांच्या चर्चेचा आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावं लागे. देशासाठी काय करायचं यावर ती चर्चा असे. पंचविशीतले दोन मित्र मोठ्याने बोलत होते, आणि त्या मोठ्या आवाजाने मैत्रीला काही झालं नाही. ती तुटली पुढे. १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मग चर्चा समोरासमोर होईना, ती छापील अग्रलेखांतून होऊ लागली. समोर माणूस असला की त्याचा चेहरा दिसतो, आणि कुठला शब्द कुठे लागला ते कळतं. छापलेल्या शब्दाला टाळ्या वाजवणारे वाचक मिळतात. आगरकरांना तर विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. १७ जून १८९५ रोजी ते गेले, वयाची चाळिशीही न गाठता. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि जुन्या सोबत्याचा मोठेपणा मान्य केला. हे आपण टिळकांच्या मनाचा मोठेपणा म्हणून सांगतो, आणि तो होताच. मला मात्र तो लेख आठवला की हुरहुर लागते. त्यातलं प्रेम आगरकरांना वाचायला मिळालं नाही.

दुसरा आधार घटना समितीचा. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. इतक्या वेळा एखाद्याच्या कामावर बोट ठेवलं तर साधा माणूस वैतागेल. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांचे आभार मानले, त्यांत विरोध करणारेही होते. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा, पंडित कुंझरू अशी नावं घेऊन त्यांनी सांगितलं की हे नसते तर चर्चा नीरस झाली असती. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याच्याशी सहमत झालो नाही त्याचे आभार, नाव घेऊन, सर्वांसमोर. राज्यघटना आपल्याला पुस्तकरूपाने मिळाली. ती घडवतानाचा हा शिष्टाचारही तिच्याबरोबर घरात यायला हवा होता.

आणि बाबासाहेबांचं नाव घेतल्यावर एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सभ्यतेचा उपयोग माणसाला गप्प बसवण्यासाठीही होतो. ज्याच्या जमिनीवर कुणी बसलं आहे, ज्याला पाणवठ्यावर येऊ दिलं गेलं नाही, ज्याला भाड्याने घर नाकारलं गेलं, त्याला "जरा शांतपणे बोला" म्हणणं सोपं असतं. ते म्हणणारा बहुधा सावलीत बसलेला असतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक सुरू केलं, तेव्हा त्याला नाव दिलं 'मूकनायक'. ज्यांना कोणी कधी विचारलंच नाही, त्यांचा तो आवाज होता. तेव्हा चर्चेची रीत सांगताना मी आधी ताकदवानाकडून अपेक्षा ठेवते. ज्याचं कमी जळतं आहे त्याने जास्त ऐकावं. दुखऱ्या माणसाचा आवाज चढला तर तो दुखण्याचा आवाज आहे असं समजावं, आणि त्यामागचं वाक्य ऐकायला थांबावं. माणसाला माणूस म्हणून नाकारणारं बोलणं मात्र कितीही गोड आवाजात आलं तरी त्याला मत म्हणून मान देऊ नये. तिथे स्पष्ट "नाही" म्हणणं हीच सभ्यता.

आता आजच्या गोव्यातलं एक उदाहरण घेते, कारण नुसत्या तत्त्वाने घरातली पंगत सावरत नाही.

खाणींचा प्रश्न घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि त्या पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात असं घर सापडणं कठीण, ज्यावर याचा परिणाम झाला नाही. एका घरात कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात उभा राहिला, आणि बँकेचा हप्ता चालू राहिला. शेजारच्या घराची भातशेती पावसाळ्यात डोंगरावरून आलेल्या लाल चिखलाखाली गेली, आणि विहिरीचं पाणी खाली गेलं. हे दोघे एका पंगतीत बसले आणि "तुम्ही खाणीच्या बाजूचे की विरोधातले?" असा प्रश्न आला, की जेवण तिथेच संपतं. त्या प्रश्नाला दोनच उत्तरं आहेत, आणि दोन्ही उत्तरांत शेजारी हरतो.

हाच विषय दुसऱ्या दारातूनही काढता येतो. ट्रकवाल्याला विचारावं, हप्ता किती राहिला आणि आता तो कसा भरता? शेतकऱ्याला विचारावं, चिखल पहिल्यांदा कोणत्या वर्षी आला? एवढं विचारलं की दोघे घोषणांऐवजी आपलं आयुष्य सांगू लागतात. आणि मग बहुतेक वेळा असं दिसतं की ट्रकवाल्याला शेत बुडावं असं वाटत नाही, आणि शेतकऱ्याला ट्रकवाल्याच्या मुलांची शाळा सुटावी असं वाटत नाही. मतभेद संपत नाही. खाणी किती, कुणाच्या ताब्यात, कोणत्या अटींवर, नुकसानभरपाई कुणी द्यायची, यावर ते पुढेही भांडतील. पण आता ते प्रश्नाशी भांडत असतात.

चाळीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. वर्गात मी एक पद्धत ठेवली होती. चर्चेत मुलाने आपलं मत मांडण्याआधी आधीच्या मुलाचं मत सांगायचं, आणि आधीच्या मुलाने "बरोबर" म्हटल्यावरच पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात मुलं कंटाळायची. चर्चा फार हळू चालायची. महिन्याभरात एक बदल दिसायचा. मुलं बोलण्यासाठी हात वर करून बसण्याऐवजी ऐकू लागायची, कारण ऐकलं नाही तर पाळी आल्यावर सांगणार काय? मोठ्यांनाही ही पद्धत जमते. करून पाहा.

त्यातून काही गोष्टी मला पटल्या. जी गोष्ट तपासून कळते तिच्यावर वाद घालू नये, ती तपासावी. आपल्या गावच्या शाळेत किती मुलं आहेत हे मत नाही, ते पटावर लिहिलेलं असतं. शाळा चालू ठेवावी की नाही हे मत आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की भांडणाला अंत राहत नाही. दुसरं, पक्षाचं नाव जितकं उशिरा येईल तितकं बरं. नाव आलं की दोघेही आपल्या माणसाचे वकील होतात, आणि वकिलाला अशिलाची चूक मान्य करता येत नाही. तिसरं, "हे मला माहीत नव्हतं" हे वाक्य मुलांसमोर म्हणावं. मोठा माणूस हरला असं मुलांना त्यातून वाटत नाही, उलट त्यांना शिकायची परवानगी मिळते. आणि चौथं, थांबायचं असेल तर "जाऊ दे" म्हणून थांबू नये. "आज इथे थांबू, पुन्हा बोलू" असं म्हणावं. त्या 'पुन्हा'मध्ये नातं शाबूत असतं. बाबा आणि काका त्या शनिवारी हा एक शब्द म्हणाले असते तर तीन चवथी मला मध्ये उभं राहावं लागलं नसतं.

आता त्या दोघांकडे परत जाते.

बाबा ऐंशीच्या पुढे गेल्यावर, एका पावसाळी दुपारी मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा फुलाला मत का दिलंत? ते बराच वेळ बोलले. त्यांच्या लहानपणी देवळाच्या अग्रशाळेत एक मास्तर मराठी शिकवायचे. ती अक्षरं हे त्यांच्या जगातून बाहेर उघडणारं एकमेव दार होतं. पुस्तकं मुंबईहून यायची. झडतीच्या भीतीने त्यांच्या वडिलांनी काही पुस्तकं भाताच्या कणगीत लपवली होती. "महाराष्ट्र म्हणजे माझ्यासाठी ती पुस्तकं होती," ते म्हणाले. "ती पुन्हा कुणी लपवायला लावू नयेत, एवढंच मला हवं होतं."

काकांना मी त्यानंतर विचारलं. ते म्हणाले, मुक्तीनंतर कचेरीत बाहेरून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले. पोर्तुगीजमध्ये कारभार केलेल्या आमच्यासारख्यांना तिशीत नव्याने इंग्रजी शिकावं लागलं. आपल्याच गावात आपण परके झालो. उद्या गोवा एका मोठ्या राज्याचा टोकाचा जिल्हा झाला, तर एका सहीसाठी माणसाने मुंबईला जायचं का? आणि आमच्या वाड्यावरचे, माडाची सूर काढणारे रेंदेर विचारायचे, महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग आमच्या माडांचं काय? "मला त्यांना उत्तर देता येत नव्हतं," काका म्हणाले.

दोघांची कारणं ऐकून मी सुन्न झाले. दोघांनाही एकच भीती होती. कुणीतरी दुरून येईल आणि आपलं काही काढून घेईल. एकाला शब्द जाण्याची भीती होती, दुसऱ्याला दार बंद होण्याची. बाबांनी कणगीतल्या पुस्तकांची गोष्ट काकांना सांगितली नव्हती, कारण काकांना ती माहीतच असेल असं त्यांनी गृहीत धरलं. काका तेव्हा तान्हे होते. काकांनी कचेरीतला अपमान थोरल्या भावाला सांगितला नव्हता. त्यांनी एकमेकांना फक्त निष्कर्ष सांगितले, आणि निष्कर्षांना शिव्या दिल्या. ते निष्कर्ष कुठून आले हे एकानेही विचारलं नाही.

मोठ्या पटावर मात्र त्याच महिन्यांत गोव्याने एक शहाणपण दाखवलं, तेही सांगायला हवं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. पण कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला. कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. त्यांचा मुद्दा हरला. आणि मार्च १९६७ मध्ये त्याच गोव्याने त्याच बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. एका प्रश्नावर माणसाला नाही म्हणायचं आणि तरी माणसाला नाकारायचं नाही, हे लाखो सामान्य मतदारांनी करून दाखवलं. जे मतपेटीत जमलं ते सोप्यावर जमू नये याची मला खंत आहे.

आणि सर्वांत मोठी खंत वेगळीच आहे. १६ जानेवारीला आई वाड्यावरच्या बायकांबरोबर मतदानाला गेली होती. परत आली आणि चूल पेटवली. निकाल लागला त्या दिवशी बाबा पडवीत येरझारा घालत होते, आणि आई आत आदोळीवर बसून नारळ खवत होती. तिने फुलाला मत दिलं असणार, असं बाबांनी धरलं. काकांनीही तेच धरलं. मी बाबांना विचारलं, काकांना विचारलं. आईला विचारायचं माझ्याही मनात आलं नाही, आणि ते मनात आलं तेव्हा ती नव्हती. त्या भांडणात आमच्या घरात तिसरं एक मत होतं. ते काय होतं हे आता कधीच कळणार नाही.

बंधुभगिनींनो, त्या मतदानाला आपण मराठीत जनमत कौल म्हणतो. कौल हा आपल्या देवळांतला शब्द आहे. कौल लावताना काय करतात ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. मूर्तीला पाकळ्या लावतात. गुरव प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडतो. मग सगळे थांबतात. पाकळी उजवीकडे पडेल की डावीकडे, हे ठरवायचा अधिकार विचारणाऱ्याकडे नसतो. पाकळी पडेपर्यंत कोणी बोलत नाही, कोणी हात लावत नाही. देवाशी आपण इतक्या अदबीने वागतो. घरातल्या माणसाशीही तसंच वागून पाहू या.

आज घरी गेल्यावर एक करा. ज्याचं मत तुम्ही गृहीत धरलं आहे असा एक माणूस निवडा. बायको असेल, सासरे असतील, पहिल्यांदा मतदान करणारी नात असेल, अंगण झाडायला येणारी बाई असेल. त्यांना एक प्रश्न विचारा, तुम्हाला असं का वाटतं? आणि पाकळी पडेपर्यंत थांबा.

गुरुजींचं टेबल आतल्या खोलीत अजून आहे. माझं बोलणं ज्यांना पटलं नसेल त्यांनी समारोपानंतर तिथे यावं. तुमचं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत मांडीन, तुम्ही बरोबर म्हणालात तरच उत्तर देईन.